तिथि आणि भरती : वसईच्या मोहिमेच्या मुलुखांतून सायकलीनें

वसईच्या मोहिमेचे कागद आजवर पुष्कळ प्रसिद्ध झाले आहेत. पेशवे दफ्तरांतील निवडी, ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार, अंजूरकर नाइकांच्या घराण्याशीं संबंध असलेली साष्टीची बखर, आणि पोर्तुगीज व इंग्रज पक्षांकडील टिपणें यांच्या आधारें १७३७ पासून १७३९ पर्यंतच्या घडामोडींचा सांगाडा बहुतेक पुरा उभा राहिला आहे. कै. य. न. केळकर यांचें या विषयावरील पुस्तक १९३७ सालीं निघालें. त्यानंतर घटनाक्रमांत फार मोठी भर पडली, असें म्हणतां येत नाहीं. तेव्हां त्याच मोहिमेविषयीं पुन्हां लिहिण्याचें कारण काय, असें वाचकांनीं विचारल्यास तें रास्तच होईल. आमचें उत्तर इतकेंच कीं, हे कागद आम्हीं कोरड्या जमिनीवर बसून वाचीत आलों, आणि मोहीम मात्र ओल्या जमिनीवर झाली. पत्राच्या शेवटीं जी तिथि असते ती वाचतांना आम्हीं तिची इंग्रजी तारीख काढतों आणि तिथि टाकून देतों. त्या टाकलेल्या तिथींत त्या दिवशींचें समुद्राचें पाणी सांठवलेलें असतें, ही गोष्ट आमच्या ध्यानीं यावयास सायकलीवरून केलेल्या दोन फेऱ्या कारण झाल्या.

मोटारींतून हा मुलूख दिसत नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा हमरस्ता घोडबंदराजवळ पुलावरून खाडी ओलांडतो, आणि खाडी आली केव्हां व गेली केव्हां हें प्रवाशास कळतहि नाहीं. आगगाडीची गोष्ट तीच. १८६४ सालीं लोहमार्ग वसईच्या खाडीवरून पुढें गेला, तेव्हांपासून पाणजू बेटाच्या दोन बाजूंच्या दोन पुलांवरून जाणाऱ्यास खालीं पाणी आहे कीं चिखल आहे, याचें सोयरसुतक राहिलेलें नाहीं. पायीं चालावें तर एका दिवसांत पल्ला पुरत नाहीं. सायकलीचा वेग बरोबर त्या काळच्या घोड्याच्या दुडक्या चालीइतका, आणि तिच्यावर बसलेल्या माणसाची नजर बांधाच्या वर राहते. शिवाय वाट संपली कीं ती खांद्यावर घेतां येते. या मुलुखांत वाट वारंवार संपते.

पहिली फेरी आम्हीं वैशाख शुद्ध अष्टमीस केली. दिवस मुद्दाम निवडला होता. त्याचें कारण पुढें येईल. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून निघून आगाशी, नाळें, निर्मळ, भुईगांव, गिरीज असें करीत वसईच्या किल्ल्यापर्यंत आंतल्या रस्त्यानें जावयाचें. वैतरणेच्या मुखाशीं असलेला अर्नाळ्याचा जलदुर्ग १७३७ सालींच मराठ्यांच्या हातीं आला, आणि त्याची फेरबांधणी झाल्याची साक्ष दरवाजावरील मराठी शिलालेख अद्यापि देतो. बेटावर जाणारी होडी किनाऱ्याला टेकत नाहीं. गुडघाभर पाण्यांतून जाऊन तींत चढावें लागतें, आणि तें पाणी गुडघाभर कीं कमरेइतकें हें तिथीवर ठरतें. होडीवाल्यास हें सांगावें लागत नाहीं, संशोधकास सांगावें लागतें.

आगाशीपासून पुढें रस्ता अरुंद होतो. दोन्ही अंगांस केळीच्या व पानवेलींच्या वाड्या, मधून मधून विहिरी, वळणावर पांढरा क्रूस, क्षणांत देवळाचा कळस, असा हा मुलूख आहे. तहनाम्यांत चिमाजीअप्पांनीं ख्रिस्ती रयतेस धर्माचरणाची मोकळीक दिली, तिचा परिणाम या रस्त्यावर आज डोळ्यांनीं पाहावयास मिळतो. आगाशीचीं सुकेळीं बरोबर घेतलीं असतां दुपारपर्यंत दुसऱ्या अन्नाची गरज पडत नाहीं, हा अनुभवहि नमूद करून ठेवतों. भुईगांवीं आम्हीं थोडे थांबलों. १८८२ सालीं सोपाऱ्यास पं. भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या आठव्या शासनाचा तुकडा मिळाला, हें सर्वश्रुत आहे. नवव्या शासनाचा तुकडा १९५६ सालीं याच भुईगांवीं सांपडला, हें तितकें नाहीं. ज्या खाडीनें सोपाऱ्यास प्राचीन बंदर दिलें तिनेंच वसईला बेट केलें होतें. पोर्तुगीज लोक वसईस बेट म्हणत, तें निव्वळ कागदी वर्णन नव्हे. सोपाऱ्याच्या खाडीचा आज बराचसा नाला झाला आहे. तरी भरतीच्या वेळीं सायकल उभी करून पाहिलें तर पाणी उलटें वाहत असलेलें दिसतें.

किल्ल्याजवळ येतांना जमिनीचा स्वभाव बदलतो. वसईच्या किल्ल्यास पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस खाडी, पूर्वेस खाजण आणि तिवरांचें रान. कोरडी जमीन काय ती उत्तरेकडे. बहादरपुऱ्याच्या बाजूनें मराठ्यांचे मोर्चे चालले आणि अखेरीस सुरुंग लागले तेहि याच अंगास, याचें कारण समजण्यास नकाशा पुरतो. परंतु तीन बाजूंच्या पाण्याचें महत्त्व नकाशावर कळत नाहीं. नकाशावरील पाणी एकाच रंगाचें व एकाच उंचीचें असतें.

आतां तिथीकडे वळूं. कोंकणांतील दर्यावर्दी आणि आगरी लोकांत भरतीचा एक ठोकळा आहे : पक्षाच्या तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळीं सहास व संध्याकाळीं सहाच्या पुढें भरती, आणि दोन प्रहरीं ओहोटी. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा; म्हणजे दोन प्रहरच्या सुमारास भरती, व सकाळ-संध्याकाळ ओहोटी. भरती केव्हां येणार याबरोबरच ती किती चढणार हेंहि तिथीच सांगते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, आणि दोन्ही अष्टम्यांच्या सुमारास भांग. मुंबईच्या बंदरांत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीमधील अंतर साडेतीन मीटरांच्या घरांत असतें, तर भांगांत तें सुमारें दीड मीटरावर येतें. खाजणाच्या मुलुखांत दोन मीटरांचा हा फरक म्हणजे गलबत तरंगतें कीं रुततें, बांधावरून माणूस जातो कीं नाहीं, हा फरक होय.

ज्या पत्रांत तिथि नसून नुसता 'छ' म्हणजे मुसलमानी चंद्र आहे, त्यांसहि हें लागू पडतें. छ १ हा चंद्रदर्शनापासून मोजला जात असल्यामुळें शुद्ध द्वितीयेच्या जवळपास येतो. तेव्हां छ १४ म्हटलें कीं पौर्णिमा धरावी, फार तर एका दिवसाची चूक होईल. हिंदु तिथि घ्या किंवा मुसलमानी चंद्र घ्या, आमच्या जुन्या कागदांतील दोन्ही गणना चांद्र आहेत आणि दोन्हींस समुद्र ठाऊक आहे. ठाऊक नाहीं तो फक्त इंग्रजी तारखेस.

त्यांतहि इंग्रजी तारीख एक नव्हे, दोन. पोर्तुगीज १५८२ पासून नव्या गणनेप्रमाणें लिहीत. मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या. अठराव्या शतकांत दोहोंत अकरा दिवसांचें अंतर होतें. म्हणून वसईच्या तहाच्या कलमांवर सही झाल्याचा दिवस कोठें ५ मे १७३९ असा, तर कोठें १६ मे असा छापलेला आढळतो. आणि पोर्तुगीज किल्ला सोडून गेल्याचा दिवस कोठें १२ मे, कोठें २३ मे. दोन्ही बरोबर आहेत, मात्र गणना सांगितली असेल तर. ती न सांगतां १२ मे ही तारीख नवी समजून जर कोणी तिची तिथि काढूं लागला, तर त्यास वैशाख शुद्ध पंचमीच्या सुमाराची तिथि मिळेल. खरी तिथि कोणती, हें आम्हीं चंद्रगणितानें ताडून पाहिलें. नव्या गणनेच्या २३ मे रोजीं पौर्णिमा सूर्योदयानंतर थोड्याच वेळांत, सातच्या सुमारास संपते. म्हणजे तो दिवस वैशाख शुद्ध पौर्णिमेचा, शके १६६१. मुसलमानी चंद्र १४ सफर येतो, तो याशीं जुळतो. आणि सहीचा दिवस, १६ मे, अष्टमी-नवमीच्या संधीवर पडतो.

याचा अर्थ असा झाला कीं, जनराल मार्तिन्हो द सिल्वेरा वेढ्यांत मारला गेल्यावर ज्याच्याकडे अधिकार आला त्या काएतानो द सौझा परेरानें भांगाच्या मेलेल्या पाण्यांत सही केली, आणि आठ दिवसांची मुदत घेऊन तो ऐन उधाणाच्या भरतीस बाहेर पडला. अष्टमीच्या पाण्यांत बायकामुलें, जखमी शिपाई, सामानसुमान एवढें सारें बंदर दरवाजाशीं तारवांवर चढविणें किती अवघड झालें असतें, आणि पौर्णिमेस दोन प्रहरीं तें किती सोपें होतें! मुदत मागणाऱ्यानें किंवा देणाऱ्यानें पंचांग पाहिलें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. तसा उल्लेख आमच्या पाहण्यांत नाहीं, आणि आठ दिवसांची मुदत अशा तहांत नेहमींचीच आहे. परंतु खाडीच्या कांठीं दोन वर्षें लढलेल्या दोन्ही पक्षांच्या माणसांस सहा-सात दिवसांनीं पाणी कोठें असेल हें माहीत नव्हतें, असें मानणें आम्हांस अधिक कठीण वाटतें.

शिवाय दुसरें एक पाणी दोन्ही पक्षांच्या डोळ्यांपुढें होतें, तें पावसाचें. मृग जवळ आला होता. १७३७ च्या पावसाळ्यांत वसईवर शिड्या लावून केलेले प्रयत्न फसले, ती आठवण ताजी होती. किल्ला आणखी तीन आठवडे टिकता तर खाजण भरून जातें, सुरुंगांत पाणी शिरतें, दर्या बंद होतो, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत मोहीम बसून राहते. इकडे नादिरशहा दिल्लींत येऊन गेलेला, आणि उत्तरेच्या चिंतेंत असलेल्या बाजीरावांस कोंकणांतली फौज मोकळी हवी होती. अप्पांनीं अखेरच्या हल्ल्यांत माणसांची पर्वा न करतां जी घाई केली, तिचें मोल या दोन पाण्यांवरून करावें लागेल.

हें गणित कागदावर मांडून आमचें समाधान झालें नाहीं. म्हणूनच पहिली फेरी अष्टमीची आणि दुसरी पौर्णिमेची, अशी योजना केली. अष्टमीस आम्ही अर्नाळ्याहून बंदर दरवाजाशीं पोहोंचलों तेव्हां साडेबारा वाजून गेले होते. पाणी मागें गेलें होतें, पण फार नव्हे. राखाडी चिखलाचा पट्टा आणि त्यापलीकडे निश्चल पाणी, ना धड चढतें ना धड उतरतें. कोळ्यांच्या दोन होड्या कुशीवर पडलेल्या होत्या. संध्याकाळीं सहापर्यंत आम्ही तेथेंच बसलों. पाणी आलें तेंहि असेंच, अनिच्छेनें आल्यासारखें, आणि तारवें किनाऱ्याशीं आणतां येतील इतकें चढलें नाहीं. पौर्णिमेस दहा वाजतां त्याच जागीं आलों तर चिखल केव्हांच बुडाला होता आणि होड्या तरंगत होत्या. आमच्या घड्याळांत बारास कांहीं मिनिटें कमी असतां पाणी थबकलें. पाऊणपटीचा हिशेब सव्वाअकरा सांगतो, म्हणून प्रथम आम्हांस तो चुकला असें वाटलें. मग ध्यानांत आलें कीं, घड्याळ प्रमाणवेळेचें आहे, आणि वसईची स्थानिक वेळ तिच्याहून सुमारें ३९ मिनिटें मागें आहे. हिशेब बरोबर होता. घड्याळ परमुलुखाचें होतें.

येथें एक मर्यादा सांगून ठेवणें अवश्य आहे. हा हिशेब खाडीच्या मुखाशींच लागू. आंत शिरावें तसतशी भरती उशिरां पोहोंचते. आणि पुलांचे खांब, भराव, तिवरांची तोड व नवीं बांधकामें यांमुळें आजचें आंतलें पाणी १७३९ च्या पाण्यासारखें वागतें असें धरतां येत नाहीं. ठाण्याच्या खाडीविषयीं तर ही सावधगिरी दुप्पट हवी. ज्या ठिकाणीं १७३७ त मराठे रात्रीं पार होऊन ठाण्याच्या अपुऱ्या किल्ल्यावर पडले, त्या खाडीचा कांठ पुष्कळ बदलला आहे. किल्ल्याचें तुरुंगांत रूपांतर होऊनहि आतां फार काळ लोटला. त्याच खाडीच्या खालच्या अंगाचा रोहित पक्ष्यांसाठीं राखलेला भाग २०२२ सालीं रामसर पाणथळींच्या यादींत गेला, इतका तरी ओलेपणा तेथें शिल्लक आहे.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही खाडीपलीकडे धारावीस गेलों. मुंबईंतील धारावीशीं हिचा कांहीं संबंध नाहीं, हें सांगावें लागतें. कारण वसईच्या मोहिमेचा एक कागद एका संग्रहाच्या सूचींत 'मुंबई' या सदराखालीं गेलेला आम्हीं स्वतः पाहिला आहे. माहीमविषयींहि असाच घोटाळा होतो : जानेवारी १७३९ त मराठ्यांनीं घेतलें तें केळवें-माहीम, मुंबईचें नव्हे. कागदांतील धारावी म्हणजे भाईंदरच्या पश्चिमेचें, उत्तन-डोंगरी-चौक या गांवांचें बेट, आणि त्याच्या टोंकावरील टेकडी. वसईचा किल्ला येथून पाण्यावरून दीड कोसाच्या आंत समोर दिसतो. खाडीच्या तोंडांत शिरणारें प्रत्येक तारूं टेकडीच्या नजरेखालून जातें. मार्च १७३९ त धारावी पक्की हातीं आली आणि वसई मे महिन्यांत पडली. या दोन गोष्टींचा संबंध टेकडीवर उभे राहिल्यावर कोणी समजावून द्यावा लागत नाहीं. फेब्रुवारी १७२४ च्या नव्हे, तर आपल्याच काळांतल्या, २०२४ च्या फेब्रुवारींत वसई-भाईंदर अशी वाहनें नेणारी मोठी बोट सुरू झाली, तिच्यावर सायकल घालून आम्ही गेलों. नाहींतर रस्त्यानें घोडबंदरावरून वळसा घेण्यांत सबंध सकाळ मोडली असती. मराठ्यांच्या तुकड्यांस हा वळसा चुकत नव्हता.

भाईंदरहून मुर्धें, राई, मोर्वें या गांवांवरून जाणारा रस्ता मिठागरांमधून जातो. टेकडी पाहून परततांना, जवळची वाट म्हणून आम्ही एका बांधावर सायकल घातली. उघाडीपाशीं मीठ ओढीत असलेल्या एका बाईनें हांक मारली, "काका, काल पुनव झाली. पाऊण वाजतां पानी बांधाव येल." आठ दिवस तिथि व भरती यांची कोष्टकें मांडीत असलेल्या आम्हीं मान डोलावली आणि पुढें गेलों. बांध पुढें एका ठिकाणीं फुटलेला होता. पाऊण वाजतां पाणी तेथें आलें. मागें वळलों तों मागेंहि आलेलें. दोन तासांहून अधिक काळ सायकल खांद्याशीं धरून चार हात कोरड्या जागेवर आम्ही उभे होतों. पुस्तकांत वाचलेल्या 'पाणी उतरण्याची वाट पाहत राहिले' अशा अर्थाच्या वाक्यांचा इतका सविस्तर अर्थ पूर्वीं कधीं लागला नव्हता. तीन वाजतां त्याच बाईनें येऊन कोणत्या बाजूनें चालावें तें दाखविलें, आणि आम्हांस हंसली नाहीं.

त्या दोन तासांत जें मनांत आलें तें लिहून हा लेख पुरा करतों, कारण त्यांत आमचा दोष आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं उत्तर कोंकणांतील एका घराण्याचें दप्तर आम्हांस चार दिवस पाहावयास मिळालें होतें. त्यांत या मोहिमेच्या काळच्या तीस-पस्तीस चिठ्या होत्या. बहुतेक होड्या, दाणा व दारूगोळा यांच्या ने-आणीविषयींच्या, म्हणजे तेव्हांच्या आमच्या मतें किरकोळ. वेळ थोडा म्हणून आम्हीं सारांश उतरून घेतले, आणि प्रत्येकापुढें जंत्रीवरून इंग्रजी तारीख घातली. तिथि लिहिली नाहीं. ती काय केव्हांहि काढतां येईल, असें वाटलें. जंत्री कोणती, गणना जुनी कीं नवी, हेंहि लिहिलें नाहीं. पुढें त्या घराची वांटणी झाली, दप्तर माळ्यावरून खालीं आलें, आणि वाळवी लागलेल्या गठ्ठ्यांबरोबर रद्दींत गेलें. आमची वही आहे. तीत 'अमुक रात्रीं चार होड्या पार केल्या' अशीं टिपणें आहेत, आणि त्या रात्रीं खाडींत पाणी होतें कीं चिखल, चांदणें होतें कीं काळोख, हें आतां सांगतां येत नाहीं. अकरा दिवसांच्या फरकानें भांगाचें जवळजवळ उधाण होतें.

त्या वहींतील दोन चिठ्यांपुढें मात्र, कां कोण जाणे, 'छ' लिहिलेला राहिला आहे. एकीचा छ ६, दुसरीचा छ २९; महिने नाहींत. पहिली भांगाची, दुसरी अमावास्येच्या उधाणाची. ज्या संग्राहकांजवळ वसई प्रांतांतील असे सुटे कागद असतील, त्यांनीं सारांश पाठविण्यापूर्वीं तिथि, छ आणि वार जसे असतील तसे आधीं उतरून ठेवावे. इंग्रजी तारीख मागाहून घातली तरी चालेल.